आलेखातला घोडा

वर्गात मोटारींचे वेड असलेला एखादा तरी विद्यार्थी असतोच. टर्बोचार्जर बसवलेल्या वेगवान गाडीचा विषय निघाला, की त्याच्या तोंडी 'डायनो ग्राफ' हा शब्द हमखास येतो. डायनो हे डायनामोमीटरचे लाडके नाव. इंजिन किती शक्ती देते हे मोजणारे हे यंत्र, आणि त्यावर इंजिन चालवून मिळालेला आलेख म्हणजे डायनो ग्राफ. त्याच्या आडव्या अक्षावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे असतात. उभ्या अक्षावर दोन राशी असतात : टॉर्क, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले बल-आघूर्ण, आणि शक्ती.

अमेरिकेत काढलेले असे दहा आलेख समोर ठेवा. गाड्या वेगळ्या, इंजिने वेगळी. पण टॉर्क फूट-पौंडांत आणि शक्ती अश्वशक्तीत, अशा दोन्ही राशी एकाच मापाच्या अक्षावर दाखवल्या असतील, तर दोन्ही रेषा एकमेकींना ५२५२ फेऱ्यांवरच छेदतात. इंजिन तेवढे फेरे घेत असेल, तर याला अपवाद सापडत नाही. सापडलाच, तर आलेख काढणाऱ्याची चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

हे असे का होते? उत्तर इंजिनात नाही, टर्बोचार्जरमध्येही नाही. ते शोधायला अठराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये, गिरणीचे चाक ओढत गोल फिरणाऱ्या घोड्याकडे जावे लागते.

घोड्याचा हिशेब

इंजिनाची तुलना घोड्यांशी करण्याची कल्पना जेम्स वॅटच्या आधीची आहे. खाणीतले पाणी उपसणारे यंत्र बनवणाऱ्या टॉमस सेव्हरीने १७०२ मध्येच आपले यंत्र किती घोड्यांचे काम करील, अशा भाषेत त्याचे वर्णन केले होते. पण त्या घोड्याला नेमका आकडा दिला तो वॅटने, आणि त्यामागे पैशाचा प्रश्न होता.

वॅट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन सुरुवातीला पाणी उपसणारी इंजिने पुरवत. त्यांचा मोबदला ठरवण्याची रीत सोपी होती. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा त्यांनी घ्यायचा. पुढे १७८० च्या दशकात वॅटची इंजिने चाके फिरवू लागली आणि गिरणीमालक गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. त्यांच्याकडे जुने इंजिन नव्हतेच, घोडे होते. मग कोळशाची बचत कशाशी ताडून पाहणार? गिरणीमालकाचा प्रश्न साधा होता : हे इंजिन माझे किती घोडे वाचवील? तेव्हा मोबदलाही घोड्यांच्या हिशेबाने ठरला. लंडनमध्ये दर अश्वशक्तीला वर्षाला ६ पौंड, इतरत्र ५ पौंड.

त्यासाठी एक घोडा म्हणजे किती काम, हे ठरवणे भाग होते. वॅटचा हिशेब असा सांगितला जातो. घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या मारतो, म्हणजे मिनिटाला २.४ फेऱ्या. वर्तुळाचा परीघ ७५.४ फूट, म्हणून मिनिटाला सुमारे १८१ फूट अंतर. ओढण्याचे बल १८० पौंड धरले, की गुणाकार येतो ३२,५७२ फूट-पौंड. वॅटने तो ३३,००० असा पूर्णांकात घेतला. सामान्य घोडा दिवसभर एवढ्या दराने काम करू शकत नाही. पण माप उदार ठेवल्यामुळे, इंजिन घोड्यांच्या तोडीचे नाही, अशी तक्रार करायला गिऱ्हाइकाला जागा उरली नाही.

आता आलेखाकडे वळू. दांडा एक फेरा फिरतो तेव्हा होणारे काम म्हणजे टॉर्क गुणिले ६.२८३, कारण परीघ हा त्रिज्येच्या ६.२८३ पट असतो. त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले आणि ३३,००० ने भागले, की अश्वशक्ती मिळते. ३३,००० भागिले ६.२८३ म्हणजे ५२५२. म्हणून अश्वशक्ती = टॉर्क × फेरे ÷ ५२५२. फेरे ५२५२ झाले, की दोन्ही आकडे सारखेच होणार. आजच्या गाडीच्या आलेखावरचा तो छेदबिंदू वॅटच्या घोड्याने ठरवून ठेवलेला आहे.

किलोवॅटच्या मापात घोडा नाही, म्हणून छेदबिंदूही तेथे नाही. किलोवॅट = न्यूटन-मीटर × फेरे ÷ ९५४९. साध्या मोटारीचे इंजिन ९५४९ फेऱ्यांपर्यंत जातच नाही, म्हणून हे दोन्ही आकडे एकाच मापावर मांडले तर रेषा भेटतच नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. आलेखावर रेषा दोन असल्या, तरी त्या दोन स्वतंत्र मोजण्या नाहीत. टॉर्क आणि फेरे कळले, की शक्ती हा केवळ गुणाकार. त्यामुळे 'टॉर्क महत्त्वाचा की शक्ती?' हा मोटारवेड्यांचा आवडता वाद, एका आकृतीची लांबी महत्त्वाची की क्षेत्रफळ, अशा जातीचा आहे. विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळाच आहे : टॉर्क कोठे मोजला, आणि कसा?

आतून मोजायचे की बाहेरून?

इंजिनाचा पहिला आलेखही वॅटच्याच कारखान्यात जन्माला आला. सिलिंडरमधील वाफेचा दाब दाखवणारे 'इंडिकेटर' नावाचे उपकरण वॅटने बनवले होते. त्याचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ मध्ये त्याला पेन्सिल आणि दट्ट्याबरोबर सरकणारी फळी जोडली. दट्ट्या पुढेमागे होताना दाब आणि आकारमान यांचा बंदिस्त वक्र आपोआप कागदावर उमटू लागला. त्या वक्राच्या आतले क्षेत्रफळ म्हणजे वाफेने दट्ट्यावर केलेले काम. ही युक्ती धंद्यातले गुपित म्हणून बरीच वर्षे जपली गेली.

पण वाफेने दट्ट्यावर केलेले सगळे काम बाहेरच्या दांड्यापर्यंत पोचत नाही. दट्ट्याचे घर्षण, बेअरिंगचे घर्षण, झडपा हलवण्याचा खर्च, हे सगळे वाटेत वजा होते. गिरणीमालकाला काय मिळते हे पाहायचे, तर दांड्यावरच मोजले पाहिजे.

ते करून दाखवले फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने, १८२१ मध्ये. त्याची रचना अगदी साधी. फिरणाऱ्या दांड्याला लाकडाचे दोन ठोकळे दोन्ही बाजूंनी आवळून धरायचे. ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडलेली असते. दांडा फिरताना घर्षणामुळे ठोकळे आणि दांडी यांनाही आपल्याबरोबर ओढू पाहतो. दांडीच्या टोकाला वजने टांगून ती आडवी, स्थिर ठेवायची. दांडी हलत नाही, याचा अर्थ घर्षणाचे आघूर्ण आणि वजनाचे आघूर्ण समान आहेत. म्हणून टॉर्क म्हणजे वजन गुणिले दांडीची लांबी.

येथे विद्यार्थ्यांना थांबवून विचारावे : घर्षण गुणांक किती होता? दांड्याची त्रिज्या किती होती? ठोकळे किती जोराने आवळले होते? यातले काहीच माहीत असण्याची गरज नाही. घर्षणासारखी बेभरवशाची राशी मोजणीच्या मधोमध बसली आहे, आणि तरीही उत्तरात ती कोठे येत नाही. प्रोनीच्या ब्रेकचे सौंदर्य यात आहे.

उदाहरणार्थ, १ मीटर लांब दांडी, टोकाला २० किलोग्रॅम वजन. टॉर्क सुमारे १९६ न्यूटन-मीटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर शक्ती १९६ × ३००० ÷ ९५४९, म्हणजे जवळजवळ ६२ किलोवॅट.

इंग्रजीत अजूनही इंजिनाच्या शक्तीला 'ब्रेक हॉर्सपॉवर' म्हणतात, ते या ब्रेकमुळे. सिलिंडरच्या आत मोजलेली ती 'इंडिकेटेड' शक्ती आणि दांड्यावर मोजलेली ती 'ब्रेक' शक्ती. दोन्ही आकडे खरे, दोन्ही एकाच इंजिनाचे, आणि तरी वेगळे.

उष्णतेचा प्रश्न

प्रोनीचा ब्रेक इंजिनाची सगळी शक्ती घर्षणात, म्हणजे उष्णतेत घालवतो. इंजिन मोठे झाले, की लाकूड धुमसू लागते. एकोणिसाव्या शतकात युद्धनौकांची इंजिने हजारो अश्वशक्तींची झाली, तेव्हा ब्रिटिश नौदलापुढे हा प्रश्न उभा राहिला. जहाजांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून त्यांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये त्यावर उपाय मांडला. पोटात पाणी भरलेले एक कवच, त्यात दांड्याबरोबर फिरणारे पंखे. फिरते पंखे पाणी घुसळतात, पाणी कवचाला फिरवू पाहते, आणि कवचाला जोडलेल्या दांडीवर बल मोजता येते. तत्त्व प्रोनीचेच, लाकडाच्या जागी पाणी आले एवढेच. २००० अश्वशक्ती पाण्यात जिरवायची, तर दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी ३० अंशांनी तापेल. तेवढे पाणी वाहते ठेवले, की यंत्र तासन् तास चालू शकते.

विसाव्या शतकात पाण्याबरोबर विजेचाही उपयोग होऊ लागला. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या तबकडीत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि तबकडीला विरोध करतात. आवश्यक तेवढा विरोध विजेच्या बटणाने कमीजास्त करता येतो. टांगलेल्या वजनाच्या जागी बल मोजणारा विद्युत संवेदक आला. पण स्थिर ठेवलेल्या दांडीवरचे बल गुणिले तिची लांबी, हा प्रोनीचा हिशेब कायम राहिला.

डोंगरमाथ्यावरचा डायनो

आता टर्बोचार्जर. इंजिनात इंधन हवे तेवढे ओतता येते, पण ते जाळायला ऑक्सिजन लागतो, आणि साध्या इंजिनाला हवा मिळते ती वातावरणाच्या दाबाने आत शिरेल तेवढीच. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५ मध्ये एका कल्पनेचे पेटंट घेतले. बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूंनी एक टर्बाइन फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या पंख्याने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. ही कल्पना जहाजांच्या डिझेल इंजिनांत व्यवहारात यायला वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची शक्ती ब्यूचीच्या पद्धतीने १७५० वरून २५०० अश्वशक्तींवर गेली.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमानांना या यंत्राची गरज भासली. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिन दमते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या सॅनफर्ड मॉस याने टर्बोचार्जर बनवला, पण त्याची परीक्षा उंचीवरच घ्यायला हवी होती. १९१८ मध्ये विमानाचे 'लिबर्टी' इंजिन आणि डायनामोमीटर मोटारट्रकवर लादून कोलोराडोतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर नेण्यात आले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर टर्बोशिवाय २३० वर घसरले, आणि टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ अश्वशक्ती दिली.

या तीन आकड्यांत आजचा डायनो ग्राफ वाचण्याची मोठी किल्ली आहे. शक्ती हा इंजिनाचा अंगचा गुण नव्हे, तो इंजिन आणि हवा या दोघांचा मिळून असतो. म्हणून वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्या एका पातळीवर आणण्यासाठी दुरुस्तीचे नियम केले गेले. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेचा, म्हणजे एसएईचा, प्रचलित नियम २५ अंश सेल्सियस तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब धरतो. जुना नियम थंड आणि अधिक दाट हवा धरत असे. त्यामुळे तेच इंजिन जुन्या नियमाने सुमारे ४ टक्के बलवान दिसते. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेला नियम म्हणून आधी पाहावा.

टर्बोच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ही दुरुस्ती मुळात साध्या इंजिनासाठी आहे, ज्याची शक्ती हवेच्या घनतेबरोबर घटते. टर्बो ही घट स्वतःच बऱ्याच अंशी भरून काढतो, तेच पाइक्स पीकवर दिसले. मग उंचावरच्या गावी टर्बो गाडी मोजून वर पूर्ण दुरुस्तीही लावली, तर एकच भरपाई दोनदा होते आणि आकडा फुगतो.

जेथे माप संपले

मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेच्या ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या गाड्यांतून. युरोपात १९७३ ला बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७४ ला पोर्शे ९११ टर्बो आली. शर्यतीच्या फॉर्म्युला वनमध्ये रेनोने १९७७ साली दीड लिटरचे टर्बो इंजिन उतरवले. ते वारंवार वाफ आणि धूर सोडत बंद पडे, म्हणून त्या पिवळ्या गाडीला 'पिवळी किटली' असे नाव पडले. १९७९ मध्ये त्याच संघाने फ्रेंच ग्रां प्री जिंकली, आणि मग सगळेच टर्बोच्या मागे लागले.

१९८६ मध्ये बीएमडब्ल्यूचे दीड लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन पात्रता फेरीपुरते इतक्या दाबाने चालवले जाई, की त्याची शक्ती १४०० अश्वशक्तींच्या आसपास असल्याचे सांगतात. 'सांगतात' म्हणण्याचे कारण असे, की त्यांचा डायनो १२८० च्या पुढे मोजू शकत नव्हता. पुस्तकांत हा १४०० चा आकडा मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत छापलेला आढळतो. पण १२८० ही मोजणी आणि त्यापुढचा सगळा अंदाज, हा फरक विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. १९८८ च्या मोसमानंतर फॉर्म्युला वनमधून टर्बोला बंदी झाली. ती उठून टर्बो परत आला २०१४ मध्ये.

रोलरवरची गाडी

इंजिन बाहेर काढून डायनोला जोडणे कारखान्याला जमते, गाडीच्या मालकाला नाही. त्याच्यासाठी चाकांखाली रोलर ठेवण्याची युक्ती आहे. ही युक्ती मोटारीआधी रेल्वेत वापरली गेली. १८९१ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक विल्यम गॉस यांनी आख्खे वाफेचे रेल्वे इंजिन फिरत्या चाकांवर उभे करून जागच्या जागी चालवण्याची प्रयोगशाळा उभारली.

आजच्या अनेक गॅरेजांतला डायनो आणखी सोपा असतो. त्यात ब्रेकच नसतो, असतो फक्त एक अवजड पोलादी रोलर. गाडी पूर्ण जोराने त्याला वेग देते. रोलरचे जडत्व आघूर्ण माहीत आहे, त्याचा वेग कसा वाढला हे संगणक नोंदवतो. टॉर्क = जडत्व आघूर्ण × कोनीय त्वरण. बारावीच्या पुस्तकातले एक सूत्र, आणि दहा-पंधरा सेकंदांत आलेख तयार.

पण येथे शक्ती चाकांवर मोजली जाते. गिअरबॉक्स, दांडे आणि टायर यांत काही शक्ती आधीच खर्च झालेली असते. 'चाकावरच्या आकड्यात १५ टक्के मिळवा की इंजिनाचा आकडा आला' असा एक ठोकताळा प्रचलित आहे. तो ठोकताळाच आहे, निसर्गनियम नव्हे. गिअर कोणता, तेल किती तापलेले, टायरमध्ये हवा किती, चारही चाकांना शक्ती जाते की दोनच, यांवर ही गळती बदलते. एकाच गाडीची, एकाच डायनोवरची, बदल करण्याआधीची आणि नंतरची तुलना बरीच भरवशाची असते. दोन गावांतल्या दोन डायनोंवरच्या आकड्यांची पैज लावणे मात्र व्यर्थ.

टर्बो गाडीच्या आलेखात पाहावे काय? फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या सातव्या पिढीतील २ लिटर इंजिनाचे कंपनीने दिलेले आकडे घेऊ. १५०० ते ४४०० फेऱ्यांपर्यंत टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, आणि ४५०० ते ६२०० पर्यंत शक्ती १६२ किलोवॅट. म्हणजे आलेखात आधी टॉर्कचे पठार, मग शक्तीचे पठार. सूत्राने पडताळून पाहा. १५०० फेऱ्यांवर ३५० × १५०० ÷ ९५४९ = ५५ किलोवॅट. ४४०० वर १६१ किलोवॅट. तेथून पुढे शक्ती स्थिर ठेवायची, तर टॉर्क घसरलाच पाहिजे. ६२०० वर तो २५० न्यूटन-मीटर उरतो.

साध्या इंजिनाचा टॉर्क टेकडीसारखा चढतो आणि उतरतो, कारण हवा भरण्याची त्याची क्षमता एका विशिष्ट वेगाला सर्वांत चांगली असते. पठार इतके सपाट दिसले, की ओळखावे, येथे मर्यादा घातलेली आहे. टर्बो याहून जास्त हवा देऊ शकतो, पण गिअरबॉक्स, दट्टे आणि तापमान सांभाळण्यासाठी संगणक जादा वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडतो. हे पठार इंजिनाची कुवत नव्हे, अभियंत्यांचा निर्णय दाखवते.

आणि आलेखात न दिसणारी गोष्टही लक्षात ठेवावी. टर्बो पुरेसा दाब देऊ लागतो ते फेरे, म्हणजे त्याचा उंबरठा, आलेखात टॉर्कच्या चढावरून कळतो. पण पाय दाबल्यापासून दाब येईपर्यंत जाणारा वेळ, ज्याला 'टर्बो लॅग' म्हणतात, तो कळत नाही, कारण आडव्या अक्षावर वेळ नाहीच. हलक्या रोलरवर इंजिन झरझर वेग घेते, टर्बोला जागे व्हायला सवड मिळत नाही आणि चढ उजवीकडे सरकतो. ब्रेकने फेरे धरून ठेवले, तर तीच गाडी कमी फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क दाखवते. बंद खोलीत लागोपाठ पाच वेळा मोजले, तर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर तापतो आणि शक्ती दरवेळी थोडी घटते.

आकड्यांची बाजारपेठ

वॅटच्या घोड्यामागे पैसा होता, तसा तो नंतरच्या आकड्यांमागेही राहिला. अमेरिकेत १९७१ पर्यंत जाहिरातीतली अश्वशक्ती 'ग्रॉस' पद्धतीने मोजलेली असे. पंखा, एअर फिल्टर, गाडीचा नेहमीचा सायलेन्सर असे काही न जोडता, उघडे इंजिन डायनोवर. १९७२ च्या गाड्यांपासून हे सगळे जोडून मोजलेली 'नेट' शक्ती देण्याची पद्धत पडली. १९७१ च्या कॉर्व्हेट गाडीतील एलटी-१ या एकाच इंजिनाचे ग्रॉस ३३० आणि नेट २७५ असे दोन्ही आकडे जाहीर झाले होते. इंजिन तसूभरही बदलले नव्हते.

जपानमध्ये उलटे घडले. १९८९ पासून तेथील कंपन्यांनी २८० अश्वशक्ती (मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे सुमारे २०६ किलोवॅट) ही वरची मर्यादा आपसांत पाळली. निसान स्कायलाइन जीटी-आर सारख्या टर्बो गाड्यांच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षे २८० हाच आकडा छापला गेला. डायनोवर मात्र त्या गाड्या याहून जास्त शक्ती दाखवत. २००४ मध्ये होंडा लेजंड ३०० अश्वशक्तींची म्हणून बाजारात आली, तेव्हा ही मर्यादा संपली. याउलट १९९९ मध्ये फोर्डच्या मस्टँग कोब्राचे मालक रोलरवर गाडी चढवून पाहू लागले, तेव्हा जाहीर केलेली ३२० अश्वशक्ती मिळत नसल्याचे उघड झाले. कंपनीला विक्री थांबवून गाड्या दुरुस्त करून द्याव्या लागल्या. कागदावरचा आकडा ग्राहकाला स्वतः तपासता येऊ लागला, हा गॅरेजांतल्या स्वस्त डायनोचा मोठा उपकार.

पण डायनोलाही फसवता येते. प्रदूषणाच्या चाचण्याही गाडी रोलरवर ठेवूनच घेतल्या जात. फोक्सवॅगनच्या टर्बो-डिझेल गाड्यांतील संगणकाला, आपण रोलरवर आहोत, हे ओळखता येत होते. चाके फिरताहेत पण स्टिअरिंग वळत नाही, वेग ठरावीक वेळापत्रकाने बदलतो आहे, या खुणा त्याला पुरत. चाचणीपुरती गाडी स्वच्छ चाले, रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट सोडे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजणीची उपकरणेच गाडीत ठेवून ती रस्त्यावर चालवली, तेव्हा तफावत दिसली. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीवर जाहीर ठपका ठेवला. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ती होती. मोजणी कोठे केली, हा प्रश्न तेथे माणसांच्या श्वासाशी येऊन ठेपला.

आपल्याकडे गाड्यांच्या आणि इंजिनांच्या अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यात आहे. पण डायनोचे तत्त्व पाहायला तेथपर्यंत जाण्याची गरज नाही.

शाळेतला डायनो

एक जुनी सायकल स्टँडवर घट्ट उभी करा. मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढून रिमच्या खोबणीवरून सुती दोरी टाका, आणि दोरीची दोन्ही टोके दोन ताणकाट्यांना बांधून काटे खाली पक्के करा. एक विद्यार्थी पेडल मारील, दुसरा चाकाचे मिनिटाचे फेरे मोजील, तिसरा दोन्ही काटे वाचील. दोन काट्यांतला फरक म्हणजे घर्षणाचे बल, ते गुणिले रिमची त्रिज्या म्हणजे टॉर्क. समजा फरक २ किलोग्रॅम-भार, म्हणजे १९.६ न्यूटन, आणि त्रिज्या ०.३ मीटर. टॉर्क ५.९ न्यूटन-मीटर. फेरे १५० असतील, तर शक्ती सुमारे ९२ वॅट. दोरी लवकर तापते, म्हणून प्रत्येक मोजणी थोडक्यात आटपावी आणि बोटे चाकापासून दूर ठेवावीत.

दोरी कमीजास्त ताणून वेगवेगळ्या फेऱ्यांवर मोजण्या घ्या आणि टॉर्क व शक्ती यांच्या रेषा एकाच कागदावर काढा. विद्यार्थी पुरते दमण्याआधी घेतलेल्या पहिल्या मोजण्या आणि नंतरच्या मोजण्या वेगळ्या रंगाने दाखवा. कोणी तरी नक्की विचारील, की पेडलच्या दांड्यावर मोजले असते तर टॉर्क वेगळा आला असता का? आला असता, कारण साखळीचे गिअर मध्ये आहेत. आणि शक्ती? ती साखळीच्या घर्षणापुरतीच वेगळी. येथवर वर्ग आला, की गाडीच्या आलेखावर इंजिनाचे फेरे का लिहिलेले असतात, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटी एक भागाकार फळ्यावर करून घ्यावा. वॅटचा घोडा आजच्या मापात ७४६ वॅट. ७४६ भागिले ९२ म्हणजे जवळजवळ आठ. आठ विद्यार्थी मिळून एक घोडा, तोही गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी जरा मोठा मापलेला.